कोलंबो, व्हाया वांगणी

मद्रास एक्स्प्रेस अंबरनाथला थांबत नाही, हे शरदचंद्रांना ठाऊक होतं. तरीही अंबरनाथ येताना डब्याच्या दारात उभं राहायचं त्यांनी कबूल केलं आणि पुढचं सगळं रामायण त्या एका होकारातून घडलं.

शरदचंद्र अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. (त्यांच्या स्वतःच्या खोलीचा रंग दर पावसाळ्यात गळून पडायचा, पण त्याबद्दल त्यांना कुणी विचारत नसे.) कोलंबोला रंगतज्ज्ञांची परिषद भरणार होती आणि 'दमट हवेत रंगाला सुटणारे पोपडे' या विषयावर निबंध वाचायला त्यांना बोलावणं आलं. कारखान्यातून परदेशी निघालेला हा पहिलाच माणूस. वर्षभर खपून त्यांनी निबंध लिहिला. तो एवढा जाड झाला, की ट्रंकेत तो आधी ठेवला आणि उरलेल्या जागेत कपडे.

कोट उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या परसराम टेलरकडे शिवला. पासपोर्ट आणि तिकिटं ठेवायला आतून चोरखिसा हवा, असं त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी बजावलं होतं.

"साईं, ऐसा खीसा दिया है," परसराम म्हणाला, "चोर का बाप भी नहीं निकाल सकता."

शरदचंद्र कल्याणला गाडीत बसणार होते. पण हेडक्लार्क भगवंतरावांना ते पटेना. भगवंतरावांना भाषणाची हौस होती आणि कारखान्यात निवृत्त होणारी माणसं फार कमी होती.

"निरोप समारंभ अंबरनाथच्या फलाटावर!" ते म्हणाले.

"अहो, गाडी थांबत नाही तिथे."

"न थांबू दे. तुम्ही दारात उभे राहा. आम्ही हार दाखवू, तुम्ही हात दाखवा."

यात हरकत घेण्यासारखं काहीच नव्हतं.

ठरल्या दिवशी शरदचंद्र कल्याणला गाडीत चढले. समोर एक मद्रासी गृहस्थ बसले होते. त्यांना "ओन्ली हँड दाखवना है" असं सांगून ते दारात जाऊन उभे राहिले. अंबरनाथ दिसू लागलं. फलाटावर कारखान्याचे साहेब, भगवंतराव, फोटोग्राफर, शिवाय मुलांना घेऊन कुमुदिनीबाई. शरदचंद्रांनी हात वर केला आणि गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. मग थांबलीच.

(पुढे वांगणीजवळ रुळांवर म्हैस बसली होती, म्हणून सिग्नल पडला नव्हता. पण हे तेव्हा कुणाला माहीत?)

"तुमच्यासाठी गाडी थांबवली!" भगवंतराव ओरडले. "उतरा, उतरा!"

आपल्यासाठी गाडी थांबू शकते, हा विचार शरदचंद्रांना त्या क्षणी मुळीच अशक्य वाटला नाही. ते उतरले. हार पडू लागले. नाकापर्यंत झेंडू आला. फोटोग्राफर म्हणाला, "जरा हसा." भगवंतरावांनी खिशातून भाषण काढलं.

"आज अंबरनाथचा रंग सातासमुद्रापार—"

"अहो, गाडी!" कुमुदिनीबाई म्हणाल्या.

टाळ्या पडल्या.

"अहो, गाडी चालली!"

शरदचंद्रांनी हारांतून मान वळवली तेव्हा गार्डाचा डबा फलाट सोडत होता. ते धावले, पण परसरामचा कोट बगलेत एवढा घट्ट होता, की हात हलत नव्हते, नुसते पायच धावत होते. अशा प्रकारे परदेशी निघालेले शरदचंद्र पहिल्या टप्प्यात स्वतःच्या गावी येऊन पोचले.

"भाषण पुरं करू का?" भगवंतरावांनी विचारलं.

साहेबांनी कारखान्याची लॉरी मागवली. घाटासाठी जादा इंजिन लावायला गाडी कर्जतला थांबते. तिथे गाठता आली तर गाठायची. मोरिवलीचा ड्रायव्हर हरिचंद्र लॉरी घेऊन आला. शरदचंद्र हारांसकट शेजारी बसले. बदलापूरपर्यंत ठीक गेलं. पुढे रस्ता म्हणजे भाताच्या खाचरांमधली एक आठवणच होती. एका ओढ्यात मागचं चाक रुतलं.

जवळच्या वाडीतून देऊ आणि त्याची म्हातारी आई भिकी धावत आली. भिकीनं हार पाहिले, कोट पाहिला.

"लगीन कुटं हाय?"

"लग्न नाही. कोलंबोला जायचंय."

"कंची वाडी ती?"

"समुद्राच्या पलीकडे आहे, आजी. जरा धक्का द्या ना. गाडी निघून गेली."

भिकीनं हळहळून मान हलवली. "नवरी पलाली वाटतं गाडीत बसून," ती देऊला म्हणाली. "ढकल रं बाबा, ढकल. गरीब हाय बिचारा."

देऊनं असा जोर लावला, की लॉरी एका हिसक्यात पलीकडे गेली. "गावली तर मारू नका हो तिला!" भिकी मागून ओरडली.

आणि वांगणी आली तर काय, मद्रास एक्स्प्रेस तिथेच उभी! म्हैस अजून उठली नव्हती, म्हणून गाडी वांगणीपर्यंतच सोडली होती. शरदचंद्रांनी आयुष्यात प्रथमच एका म्हशीला मनोमन हात जोडले आणि आपला डबा गाठला. ते बसताहेत तोच गाडी हलली. मद्रासी गृहस्थांचा चेहरा उजळला.

"मिस्टर! आ गया! वरी नहीं, तुम्हारा ट्रंक एकदम सेफ!"

"कुठे आहे?"

"स्टेशन मास्टर को दिया! तुम उतर गया ना? अभी दस मिनट पहले, उधर का पॅसेंजर में वापस भेज दिया!"

म्हणजे शरदचंद्र लॉरीतून वांगणीला येत असताना त्यांची ट्रंक रुळावरून अंबरनाथला घरी जात होती. चिडावं कुणावर? गृहस्थ तर आभार ऐकायला थांबले होते. शरदचंद्रांनी आभार मानले. मद्रासपर्यंतच्या प्रवासात त्या गृहस्थांनी त्यांना जेवू घातलं आणि निरोप देताना स्वतःची एक धुतलेली वेष्टी, म्हणजे मद्रासी धोतर, दिली.

धनुष्कोडीला बोटीत चढण्याआधी अधिकाऱ्यानं पासपोर्ट मागितला. तो चोरखिशातून निघेना. (परसराम शब्दाचा पक्का होता.) अखेर अधिकाऱ्यानं ब्लेडनं शिवण उसवली. त्या गडबडीत पहिली बोट गेली.

कोलंबोला ते पोचले तेव्हा परिषदेचा समारोप चालू होता. मोठमोठ्या विद्वानांचे निबंध ऐकून सभागृह मलूल झालं होतं. खाली वेष्टी, वर अस्तर लोंबणारा कोट, अशा वेषात शरदचंद्र उभे राहिले. निबंध सामानाबरोबर घरी गेला, असं त्यांनी सांगितलं. आठवेल तेवढं बोलले: भिंत आधी सुकू द्या, मग खरवडा, मग रंग पातळ लावा. एवढंच आठवलं. खाली बसले. आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की त्यांचे डोळे भरून आले. आपल्या विद्वत्तेची अखेर कुणीतरी कदर केली!

परत आल्यावर साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"शरदचंद्र, कोलंबोवाले बेहद्द खूष आहेत. पुढच्या वर्षी परिषद रंगूनला. तुम्हालाच पाठवा म्हणतात."

शरदचंद्रांची छाती फुगली. "माझा मूळ निबंध तर त्यांनी ऐकलेलाच नाही, साहेब. या खेपेला तो संपूर्ण—"

"तीच एक अट घातलीय त्यांनी," साहेब म्हणाले. "म्हणतात, माणूस पाठवा, सामान नको."