आण्णांचं हिरवं लोणी

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या डाव्या हाताला कधी बसत नाहीत. लग्नाच्या पंगतीत माझ्या डावीकडचं पान रिकामं असलं तरी ते उजवीकडच्या माणसाला, मग तो नवऱ्याचा मामा का असेना, "जरा सरा की वो" म्हणून हलवतात आणि तिथे मांडी ठोकतात. रस्त्याने चालताना माझ्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालून उजवीकडे येतात. माझ्या स्वतःच्या लग्नात उजवीकडे नवरी बसणार हे भटजींनी सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला, की मुलीकडच्यांना वाटलं हुंड्याबिंड्याचं काही राहिलं की काय.

कारण सांगून टाकतो. माझा डावा कान कामाचा नाही. मी तान्हा असताना तो फुटला, काही वर्षं वाहत राहिला आणि मग बंद पडला. मला त्याचं काही वाटत नाही. खोपोलीच्या ऑफिसात मी जागाच अशी पटकावली आहे, की साहेब नेमके डावीकडे येतात. पण आण्णांना त्या कानाचं फार. अजूनही अंघोळ करून आलो की टॉवेल घेऊन पाठीमागे येतात, "कान कोरडा कर रं." दोन-चार पाहुण्यांसमोर हे झालं की माझे दोन्ही कान लाल होतात.

आण्णा कर्जतला रेल्वेत फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पळसदरीला आमची थोडी भातशेती आहे, तिच्यात आणि गावच्या उसाभरीत त्यांचा दिवस जातो. त्यांचं एक पालुपद आहे, "मागितलं म्हंजे मागितलं." कुणी काही मागितलं, की ते दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. शेजारच्या तुकारामने एकदा भिंतीपलीकडून शिडी मागितली, तेव्हा आण्णा न्हाणीत होते. अंगावर साबण, कमरेला टॉवेल आणि खांद्यावर शिडी अशा थाटात ते तुकारामच्या दारात उभे राहिले. आत त्याच्या सुनेला भेटायला तिच्या माहेरची माणसं आली होती. कोंडाण्याच्या लेण्यांची वाट विचारणाऱ्या पोरांना ते हात दाखवून मोकळे होत नाहीत, थेट लेण्यांपर्यंत पोचवून येतात. एकदा असे भाजी आणायला म्हणून निघालेले आण्णा दिवेलागणीला परत आले आणि भाजी विसरले.

आई म्हणते, "ह्यांना देव पावंल, पन भाजी नाय मिळायची."

तर अशा या माणसाच्या कानावर, एका दुपारी जेवताना, ग्वाकामोले हा शब्द पडला.

माझी बायको केतकी ठाण्याची. घरातूनच कॉम्प्युटरवर काम करते, बोलते कमी. तिला सातवा लागला होता. आईने सगळ्यांसमोर विचारलं, "काय खावंसं वाटतंय गं? चिंच, कैरी, काय ते सांग." केतकी लाजली. मग म्हणाली, "आई, हसू नका हं. तिखटजाळ ग्वाकामोले."

मावशी कर्जतहून राहायला आली होती, तिने घास तसाच हातात धरला. मी घाईघाईने हसलो आणि म्हणालो, "काही नाही, ॲव्होकाडो नावाचं फळ असतं, त्याची चटणी. ती गंमत करतेय." केतकीने मान खाली घालून भात कालवायला घेतला.

आण्णा मात्र ताटावरून उठून तिच्यासमोर येऊन बसले. "काय म्हनालीस पोरी? परत सांग." तो शब्द त्यांनी तिच्याकडून चार-पाच वेळा वदवून घेतला आणि जिभेवर काही तो बसेना, तेव्हा म्हणाले, "जाऊ दे. हिरवं लोणी म्हनू. मागितलं म्हंजे मागितलं."

माझ्या लाजेचे दिवस तिथून सुरू झाले.

खालापूरला हायवेजवळ एक फळवाला आहे. शनिवार-रविवारी फार्महाउसवर येणारी मंडळी त्याच्याकडे थांबतात. आण्णांनी मला तिथे नेलं. ॲव्होकाडो बघून ते आधी थबकले, मग त्यांनी हापूस घेतात तसं एकेक फळ उचलून देठाशी नाक लावायला सुरुवात केली. टोपलीतली सगळी फळं हुंगून झाली. फळवाला म्हणाला, "काका, ह्याला वास नसतो." आण्णा म्हणाले, "मंग पिकलं कसं कळायचं? तू काय कानाला लावून बघतोस?" तेवढ्यात काळा चष्मा घातलेल्या एक बाई गाडीतून उतरल्या. आण्णांनी नमस्कार करून विचारलं, "बाई, तुमी ह्याला फोडणी देता का नुसतं खाता?" मी बंद पडलेला फोन कानाला लावला आणि मोठ्याने "हो सर, हो सर" करत रस्त्याच्या पलीकडे गेलो. घाईत फोन डाव्या कानाला लावला होता, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

फळं दगडासारखी होती. आण्णांनी घरी येऊन खाटेखाली पेंढा पसरला आणि आंब्याची घालतात तशी ॲव्होकाडोची आढी घातली. रोज सकाळी एकेक फळ परतायचं, हुंगायचं, परत पेंढ्यात निजवायचं. हिरवी होती ती काळपट झाली. आण्णा म्हणाले, "आता पिवळं पडंल." ते काही पिवळं पडेना. शेवटी केतकीने हिंमत करून सांगितलं, "आण्णा, ते पिवळं होत नाही हो." कापून पाहिलं, तर आत काळा चिखल. आण्णांनी सगळी आढी परसात नेऊन पुरली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसरी खेप त्यांनी केतकीला विचारून, बोटाने दाबून पिकवली. आता प्रश्न तिखटाचा होता. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला मोहरी-हिंगाची फोडणी दिली. त्याची कढी झाली, तीही फुटलेली. मग लवंगी मिरच्या चुलीच्या निखाऱ्यावर भाजल्या, दगडी खलात लसूण आणि मीठ घालून वाटल्या, त्यात फळाचा गर, कांदा, कोथिंबीर घातली आणि वरून लिंबू पिळलं. रंग जमला, पण तिखट किती हे कळेना. केतकीला आधी द्यायचं नाही, ती पोटुशी, तिच्यावर प्रयोग नको, असा आण्णांचा दंडक. म्हणून ते वाटी आणि तांदळाच्या भाकरीचे तुकडे घेऊन आळीभर फिरले. "सुनंला डोहाळे लागलेत. चाखून सांगा, झणका बसतो का नाय?" तुकारामला झणका इतका बसला, की तो बोलायचाच बंद झाला. मावशी म्हणाली, "चव बरी हाय, पन शेनाच्या गोळ्यावानी दिसतंय."

मी संध्याकाळी गाडीतून उतरलो, की टपरीवरचे लोक हाका मारायचे, "काय रं, निघालं का लोणी?" एकाने तर विचारलं, "म्हातारा घुसळतो, मंग तू काय करतोस?" सगळे हसले. मीही हसलो आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात आण्णांशी भांडलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खोपोलीच्या मॉलमधून ग्वाकामोलेची तयार डबी आणली. ऑफिसच्या बॅगेत जेवणाच्या डब्याखाली ठेवली, वर रुमाल घातला. घरी आल्यावर खोलीचं दार लावून केतकीला दिली. तिने बोटाने चाखून पाहिली.

"गोडसर आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही दार का लावलंत?"

मी डबीचं झाकण शोधायला लागलो.

ती डबी आण्णांना सकाळी कचऱ्यात सापडली. संध्याकाळी आमचं लागलेलं दार त्यांनी पाहिलं होतंच. डबी हातात घेऊन ते माझ्या उजवीकडे आले.

"दार लावून दिलंस?"

"मग काय करू, आण्णा? सगळं गाव हसतंय. रविवारी डोहाळजेवण आहे, ठाण्याची माणसं येणार. त्या दिवशी तरी ते वाटण बायकांत आणू नका. माझी लाज राखा."

आण्णा चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी डबी पायरीवर ठेवली आणि गोठ्याकडे निघून गेले.

आई आत वाल सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "बस हितं."

मी बसलो.

"तू पोटात व्हतास तवा मी वडा मागितला व्हता. स्टेशनावरचा, गरम. हे रोज कर्जतला कामाला जायचे, म्हटलं येताना आना."

"मग? आणला नाही?"

"रोज आनायचे. पन ओटीवर तुझा आजा बसलेला, दोन काका बसलेले. त्यांच्या देखत बायकोसाठी पुडी घेऊन आत कसं येनार? बायकोचा बैल म्हनले असते. मंग पेंढ्याच्या उडवीमागं जायचे, उभ्या उभ्या वडा खायचे, हात पुसायचे नि घरात यायचे."

"तुला कसं कळलं?"

"तोंडाला लसनीचा वास यायचा ना रं. पोटुशी बाईचं नाक कसं असतं, तुझ्या बायकोला इचार." आईने वालाचं साल बाजूला टाकलं. "मंग तू झालास. तुझा कान फुटला. आजी बोलून गेली, डोहाळे पुरवले नाय की पोराचा कान फुटतो. डाक्टर म्हनाला सर्दीनं झालंय. मी शंभरदा सांगितलं, सर्दी व्हती म्हनून. ह्यांच्या डोक्यातनं काय जात नाय."

"आणि तुला वासाचं कळलं होतं, हे आण्णांना माहीत आहे?"

"नाय सांगितलं कधी," आई म्हणाली. "लाजंनं मेला असता तो मानूस."

मी तिच्याबरोबर वाल सोलायला लागलो. अर्धे वाल माझ्या हातून फुटले.

रविवारी घर बायकांनी भरलं. केतकी हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली. ओटी भरून झाली, गाणी झाली. डोहाळजेवणात बाप्यांचं काही काम नसतं, म्हणून मी बाहेर ओटीवर बसलो होतो. आण्णांना जाऊन "आणा हो ते" म्हणावं असं सकाळपासून मनात होतं. दोनदा गोठ्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

तेवढ्यात आण्णाच आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी आणि दोन्ही हातांत तो दगडी खल, वाटणासकट. माझ्याकडे न बघता ते माझ्यासमोरून, दारातून, सरळ बायकांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. गाणं थांबलं. कुणीतरी फिसकन हसलं. आण्णांनी वाकून खल केतकीपुढे धरला.

"पोरी, तू मागितलं व्हतंस," ते म्हणाले.

केतकीने भाकरीचा तुकडा मोडला, वाटणात बुडवला आणि तोंडात घातला. तिचे डोळे भरून आले, नाक लाल झालं. तिची आई घाबरून पाणी घेऊन धावली. केतकीने पाणी बाजूला सारलं आणि म्हणाली, "असंच. अगदी असंच हवं होतं." मग भाकरीचा दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. आण्णा खल धरून तसेच वाकून उभे.

तेव्हा कोपऱ्यातून आई म्हणाली, "सुनंचं झालं. माझा वडा कुठाय?"

बायका खो खो हसल्या. कुणाला काही कळलं नव्हतं, त्यांना वाटलं म्हातारीला भूक लागली. आण्णांनी मात्र आईकडे पाहिलं. खल पाटाशी ठेवला आणि ते बाहेर आले.

मला माझीच लाज वाटत होती. मी सवयीने डावीकडे सरकलो आणि उजवीकडे त्यांना जागा केली. आण्णा आले, क्षणभर थांबले आणि माझ्या डावीकडे, ओटीच्या अगदी काठावर बसले.

ते अंगणाकडे बघत बोलायला लागले. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते, मधून हात हलत होता. बराच वेळ बोलले. एकदा त्यांनी माझ्या कानाच्या पाळीला बोट लावलं आणि काढून घेतलं. मी मान वळवली असती तर उजव्या कानाने थोडंफार ऐकू आलं असतं. मी समोर उडवीकडे बघत बसलो. त्यांचं बोलणं संपलं, तेव्हा मान हलवली.

मग ते उठले, माझ्यापुढून वळसा घालून उजवीकडे आले आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "स्टेशनावर जाऊन येतो रं. तिनं मागितलंय."

"आण्णा," मी म्हटलं, "येताना पुढच्या दारानं या. मी हितंच बसतो."

"पुढनंच येनार," आण्णा म्हणाले, आणि एवढ्या बायकांच्या चपलांत स्वतःची चप्पल शोधायला लागले.