मुकी चाल

२०१९ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि आदिलाबादच्या बाजारात लक्षिमन टेलर अजूनही टिपरीच्या ठेक्यावर रस्ता ओलांडत होता. तीन पावलं पुढे, एक मागे. ऑटोवाले त्याला हॉर्न देत नसत. त्याचं मागचं पाऊल पडेपर्यंत थांबत, मग जात. त्यांनाही ठेका पाठ झाला होता.

मी किसन्या, चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो ते एवढ्यासाठी, की लक्षिमनबद्दल दुसऱ्या कोणी चुकीचं लिहू नये.

पँटचं माप घेताना तो गिऱ्हाइकाला दुकानात गोल चालायला लावी. आमच्या सरपंचालाही त्याने तीन फेऱ्या मारायला लावल्या. सरपंच चिडले. "अबे, माप घेऊन राह्यला का वरात काढून राह्यला?"

लक्षिमन टेप गळ्यात टाकून म्हणाला, "पँट उभ्या मानसाची नसते साहेब, चालत्या मानसाची असते. फेर तुटू देऊ नका."

सरपंचांनी चौथी फेरी मारली. पँट अशी बसली की पुढच्या महिन्यात ते दुसरं कापड घेऊन आले आणि न सांगताच चालायला लागले.

फेर तुटू देऊ नका. हे तो सगळीकडे म्हणे. राशनच्या रांगेत, मयताच्या मागे, लाईट गेल्यावरसुद्धा.

दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत दर शनिवारी दुपारी त्याचं टिपरी मंडळ भरायचं. सात जण. बसचा कंडक्टर व्यंकटी, कॉलेजातले एक सर, जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, असे. सगळे पुरुषांवर जीव लावणारे पुरुष. सर अशांना गे म्हणत. लक्षिमन म्हणे, "आपल्यासारखे." आणि माझ्याकडे बघे. मी म्हणे, "तुमच्यासारखे म्हन." तो हसे आणि सुईत दोरा ओवी.

गावोगावची टिपरी बंद पडली, पोरं डीजेवर नाचायला लागली. पैनगंगेच्या काठचा जुना फेर राहिला तो या सात जणांच्या पायात. बायको गेल्यावर मी दर शनिवारी आमच्या गावाहून, बेल्याहून, बसने तिथे जायचो. नाचायला नाही. भिंतीला टेकून चुका काढायला.

सगळ्यात मोठी चूक एकच होती. चौथ्या ठोक्याला सातही जण डावा हात बाहेर काढत, टिपरी हवेत धरत आणि एक ठोका गप्प उभे राहत. मग फेर पुढे सरके. सरांनी तिला मुकी चाल असं नाव दिलं होतं. ही चाल फार जुनी आहे, पितरांसाठी धरलेली आहे, असंही त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं.

आमच्या गावात अशी चाल कधीच नव्हती. चौथ्या ठोक्याला डाव्या जोडीदाराच्या टिपरीवर टिपरी मारायची असते. गावच्या फेरात लक्षिमनचा डावा जोडीदार मी होतो, वीस वर्षांचा असताना. लोक आमच्या जोडीवर बोलायला लागले. बापाने माझं लगीन ठरवलं आणि मी फेर सोडला. लक्षिमनने ना लगीन केलं, ना दुसरा जोडीदार घेतला. एकटाच नाचत राहिला आणि चौथ्या ठोक्याला हात बाहेर काढत राहिला. पुढे जे त्याच्यापाशी शिकले ते तेच शिकले.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मंडळ पहिल्यांदा उघड्यावर, बाजाराच्या मैदानात नाचणार होतं. पुढच्या लोकांना फेर सापडावा म्हणून सर व्हिडिओ काढणार होते. आदल्या दिवशी मला राहवलं नाही.

"थांबवा," मी म्हणालो. "हे मुकी चाल खोटी हाये. अशी चालच नाई."

सरांनी वही उघडली. "मग खरी कशी आहे, काका?"

मी लक्षिमनकडे पाहिलं. तो फडक्याने टिपऱ्या पुसत होता.

"किसन्या बराबर बोलून राह्यला," तो म्हणाला. "काढून टाकू."

"उद्या नाचायचं आहे, मामा," व्यंकटी म्हणाला. "आता कशी काढता?"

"सोपं हाये. उद्या सकाळी किसन्यानं माह्या डाव्या बाजूले उभं राह्यचं. मंग माहा हात हवेत काऊन राहीन?"

कंपाउंडरने पंखा बंद केला, का कोण जाणे.

"माहे गुडघे गेले," मी म्हणालो.

"माहे कुठं राह्यले?"

"टिपऱ्या जाळल्या मी. लग्नाच्या सालीच."

"मंग राहू दे मुकी," तो म्हणाला. "इतकी वर्सं तिनं सोबत केली. तिच्यावर माहा राग नाई."

मला बसपर्यंत सोडायला तो आला. रस्ता ओलांडताना एक ऑटोवाला सवयीने थांबला, मागच्या पावलाची वाट बघत. ते पाऊल पडलंच नाही. लक्षिमन सरळ चालत गेला, चारचौघांसारखा. मी खिडकीत बसलो. त्याने हात केला नाही, मीही केला नाही.

टिपऱ्या जाळल्याचं मी बापाला सांगितलं होतं, बायकोलाही सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावर चढलो. कापसाच्या रिकाम्या गोण्यांमागून खैराच्या दोन टिपऱ्या काढल्या, धुतल्या, तेल लावून धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि सातची बस धरली. शेजारच्याने विचारलं, कोणाचा कार्यक्रम हाये. मी म्हणालो, आमचा.