सत्तरावर अडलेला खांदा

"झाकणाला हात कोणी लावला?"

मागच्या अंगणातून आरोळी आली तशी बायकोने आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला आणि लेक फ्रिज उघडून आत काहीतरी शोधू लागली. फ्रिजमध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं.

"मी फक्त वास कसा येतोय ते बघितलं, बाबा."

"वास बघायला झाकण उघडावं लागतं? देवानं नाक कशाला दिलंय? वास आपल्या पायांनी बाहेर येतो! आतली सगळी धग गेली ना!"

बॉयलरसाहेब म्हणजे बॉयलर तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. गल्लीने त्यांना हे नाव नोकरीवरून दिलं की स्वभावावरून, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. पहाटेपासून ते अंगणात स्टूल टाकून बसले होते. समोर धुरावर मांस शिजवायचा नवाकोरा स्मोकर, पिंपासारखा काळा. तळाशी निखारे आणि लाकडाच्या ढलप्या, मध्ये पाण्याचं भांडं आणि वरच्या जाळीवर डुकराचा अख्खा खांदा, हाडासकट. मांसात एक सळई खुपसलेली, तिची तार बाहेर काढलेली आणि तारेच्या टोकाला आतल्या उष्णतेचा आकडा दाखवणारी डबी. आकडा पंच्याण्णवला पोचला की मांस झालं. मग हाड नुसतं ओढलं की साफ होऊन हातात येतं, असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं.

हा सारा खटाटोप व्याह्यांसाठी होता. लेकीचे सासरे दंतवैद्य. मागच्या खेपेला बॉयलरसाहेबांनी असाच खांदा ओव्हनमध्ये भाजून वाढला, तेव्हा ते बराच वेळ चावत राहिले आणि शेवटी तोंड टिपून म्हणाले, "छान! दातांना व्यायाम झाला." सगळे हसले. बॉयलरसाहेबही हसले, पण ते हसू पाहुणे दाराबाहेर पडेपर्यंतच टिकलं. आज त्याच तोंडून चांगलं म्हणवून घ्यायचं, नाहीतर व्याह्यांना पुन्हा या घरी जेवायला बोलवायचं नाही, असं त्यांनी बायकोला बजावून ठेवलं होतं. त्यामुळे खांद्याबरोबर त्या माउलीचा जीवही निखाऱ्यांवर होता. लेकीच्या सासरशी अबोला धरायचा, तोही मांस चिवट झालं म्हणून?

सकाळभर आकडा शहाण्या मुलासारखा चढला. सत्तरावर आला आणि तिथे त्याची जी समाधी लागली, ती काही उतरेना.

बॉयलरसाहेबांनी डबीला टिचकी मारली. सत्तर. डबी हलवली. सत्तर. "अडला म्हणजे बिघडला! उभा जन्म गेला माझा असली मीटरं बघण्यात!" असं म्हणत त्यांनी झाकण उघडलं, सळई उपसली, पुसली आणि दुसऱ्या जागी खुपसली. एकोणसत्तर.

"खाली येतोय! निर्लज्ज!"

त्यानंतर त्यांनी आणखी पुष्कळदा सळईची जागा बदलली. पण तपासणीसाठी उघडणं म्हणजे उघडणं नव्हे, असा त्यांच्या खात्याचा नियमच होता.

"अहो, तुम्हीच सारखं उघडताय," बायको खिडकीतून म्हणाली.

"मी उघडत नाही! मी तपासतोय!"

एवढ्यात व्याही-विहीण आले. जावयाला ऐनवेळी कामावर बोलावलं होतं, म्हणून दोघंच. दंतवैद्य घरात न जाता थेट अंगणात आले, "वा, वा" म्हणाले आणि कोणी काही बोलायच्या आत झाकण वर करून, मोबाईलचा दिवा आत पाडून, मान तिरकी करून न्याहाळू लागले.

"हं. डाव्या बाजूला, मागे, जरा काळं दिसतंय."

"व्याहीबुवा, तो जबडा नाही! बंद करा आधी ते!"

"बघू तर द्या. इतका वेळ लागतोय म्हणजे मुळाशीच काहीतरी असणार."

आकडा अडुसष्ट झाला. बॉयलरसाहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण गंमत अशी की दंतवैद्यांनाही राग आला, आणि तो आकड्याचा. "मी आलो आणि हा उतरला? यंत्र खराब आहे हो तुमचं. मला उपकरणातलं कळतं."

"मी सकाळपासून हेच सांगतोय! घरात कोणाला पटेल तर शपथ!"

लग्न ठरल्यापासून दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. दोघंही तडक डबी घेऊन दुकानात गेले. सळई आणि तार मात्र खांद्यातच राहिली.

दुकानदाराने डबीला दुसरी सळई जोडून पाहिली. "मीटर ठणठणीत आहे, साहेब. सत्तराच्या आसपास अडतंच. मांसाला घाम सुटतो, तो वाळतो, त्यानं ते गार राहतं. धीर धरा. आणि झाकण उघडणं बंद करा."

"मांसाला घाम!" बाहेर आल्यावर बॉयलरसाहेब फुत्कारले. "आम्हाला शिकवतोय!"

"सरळ अपमान आहे हा," दंतवैद्य म्हणाले. "पण आता एक करू. अजिबात उघडायचं नाही. म्हणजे मीटरच खोटं ठरेल."

इकडे स्वयंपाकघरात विहीणबाईंचा चेहरा भुकेने उतरला होता. "विहीणबाई, मला वेळेवर खावं लागतं हो. साखरेची गोळी घेतलीय मी," त्या म्हणाल्या.

बॉयलरसाहेबांच्या बायकोने एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा स्मोकरकडे, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि झाकण उचललं. "धूर लागायचा तेवढा लागलाय. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवू. वाफ कोंडली की शिजेल. आपण रोज झाकण ठेवूनच शिजवतो ना?"

"आई, ही सळई?" लेकीने विचारलं.

"त्या पाण्याच्या भांड्यात सोड. नुसती लोंबकळली तर आकडा भलताच चढेल, आणि मग बाबांचा पारा."

विहीणबाईंना ब्रेड-आम्लेट मिळालं, खांदा ओव्हनमध्ये गेला आणि झाकण होतं तसं बसलं. दोघे व्याही परतले, त्यांनी डबीला तार जोडली. सत्तर. दोघांनी स्टुलं ओढली आणि स्मोकरच्या दोन बाजूंना पहारेकऱ्यांसारखे बसले.

दुपार कलली. पाण्याचा आकडा काही हलेना.

"उद्धट आहे," बॉयलरसाहेब म्हणाले.

"माझ्याकडे असे पेशंट येतात," दंतवैद्य म्हणाले. "तोंडच उघडत नाहीत."

विहीणबाई सहज अंगणात आल्या, तर दंतवैद्य उठून आडवे उभे राहिले. "झाकणाला हात लावायचा नाही! सांगून ठेवतोय!"

"मी कशाला लावू?" विहीणबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

शेवटी आतून हाक आली, "चला, पानं घेतलीत!"

"कसली पानं? अजून सत्तरच आहे!" दोघं एका सुरात ओरडत आत गेले आणि उंबऱ्यातच थबकले. टेबलावर परातीत खांदा होता. बायकोने चिमट्यात हाड धरून ओढलं आणि ते धुतल्यासारखं साफ होऊन बाहेर आलं.

बॉयलरसाहेब धावत अंगणात गेले. झाकण उघडल्याचा आवाज आला.

"पाणी!" ते परत आले तेव्हा त्यांचा आवाज चिरकला होता. "दुपारभर आम्हाला पाण्यावर बसवलं! माझ्या घरात! माझ्या पाहुण्याला!"

"घोर फसवणूक," दंतवैद्य म्हणाले. पण ते खुर्चीत बसले होते आणि पानात मांस आलं होतं. त्यांनी पहिला घास घेतला. बायकोचा हात डावावरच थांबला. लेक सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. दंतवैद्यांचा जबडा हलतच नव्हता, घास आपोआप उतरला. त्यांनी डोळे मिटले. मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"कच्चं आहे," ते म्हणाले.

"काय?" लेक किंचाळली.

"कच्चंच असणार. पंच्याण्णव झालंच नाही. मी स्वतः बसलो होतो, व्याहीबुवांच्या शेजारी. दोन जबाबदार माणसं साक्षीला असताना तुम्ही म्हणता झालंय?" आणि त्यांनी परात स्वतःकडे ओढून तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

बॉयलरसाहेबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आयुष्यात इतकं आपल्या बाजूने कोणी बोललं नव्हतं. त्यांनी खुर्ची व्याह्यांच्या खुर्चीला चिकटवली, डाव उचलला आणि गहिवरून म्हणाले, "व्याहीबुवा, माझ्या हातून अजून थोडं कच्चं घ्या."