दातारकाकांची डबलसीट

दातारकाका रस्त्यावरचा खडा उचलतात, पँटला पुसतात आणि जिभेला लावतात. मग डोळे मिटून निकाल देतात, "चुनखडी नाही. पण स्वभावाने बरा आहे."

मी डॉक्टर आहे. ज्या वर्षी सगळं जग कोथिंबिरीची जुडीसुद्धा साबणाने धूत होतं, त्या वर्षी हा माणूस माझ्यादेखत गावभरचे दगड चाटत होता. मी एकदा न राहवून म्हणाले, "काका, निदान पाण्याने तरी ओला करा."

"बाटली सायकलला अडकवलीय. जीभ तोंडातच आहे," काका म्हणाले. "ओला झाल्याशिवाय दगड ओळख देत नाही. आणि एक लक्षात ठेव डॉक्टर, खडी खोटं बोलत नाही."

हे त्यांचं लाडकं वाक्य. आयुष्यभर त्यांनी दगड फोडायच्या यंत्रांवर काम केलं, आधी पुण्याजवळच्या खाणींवर आणि मग इथे कालगुर्लीला. कालगुर्ली हे वाळवंटातलं सोन्याच्या खाणीचं गाव. लाल माती, पांढरं ऊन आणि नाकात शिरणाऱ्या माश्या. मी आणि माझा नवरा समीर इथल्या हॉस्पिटलमधल्या नोकरीसाठी आलो, ते दोन वर्षांत पर्थला पळायचं ठरवूनच. काका मात्र इथे सुखात होते. गावातला प्रत्येक माणूस सोन्याच्या गोष्टी करायचा. काका म्हणायचे, "सोनं काय, कुणालाही आवडतं."

अशा माणसाला फ्रान्सचं वेड लागलं तेही खडीपायीच. तिकडे म्हणे डांबरी रस्ते सोडून कच्च्या, खडीच्या वाटांवर जाड टायरच्या सायकली घेऊन हिंडायचा मोठा शौक आहे. बर्गंडी नावाच्या भागातली एक वाट काकांनी हेरून ठेवली होती. बोन गावातून निघायचं, द्राक्षमळ्यांच्या मधून पोमार, मग मर्सो, मग सांतने, आणि पुढे कालव्याच्या काठाने. आपण गणपतीत आरत्या म्हणतो त्या ओघात ते ही गावं म्हणायचे. त्यासाठी त्यांनी दोघांनी मिळून चालवायची लांबलचक सायकल घेतली. दुकानदार तिला टँडम म्हणाला. काका तिला डबलसीट म्हणतात. सप्टेंबरात ते आणि माधुरीकाकू फ्रान्सला जाणार होते.

काकूंचं मत विचारलं की त्या म्हणायच्या, "बघू." पुणेरी माणसाच्या तोंडच्या 'बघू'चा अर्थ आपल्याला माहीत आहे. काकांनाही माहीत असणार, पण त्यांनी तिकडे साफ कानाडोळा केला होता.

फेब्रुवारीत काकू आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेल्या. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली. आमच्या राज्याने तर उरलेल्या ऑस्ट्रेलियालाही कडी घातली. काकू तिकडे अडकल्या, काका इकडे, आणि डबलसीट गॅरेजमध्ये.

दुसरा कुणी असता तर हळहळत बसला असता. काका एका रविवारी सकाळी आमच्या दारात हजर. "फ्रान्सला जाता येत नाही ना? मग फ्रान्स इथे आणू. खडीला आपल्याकडे काय तोटा आहे?"

आणि त्यांनी आणलं. त्यांचं गॅरेज झालं बोन. रेसकोर्सच्या मागे पोमार. गावाच्या टोकाला बॅरी नावाचे निवृत्त ट्रक ड्रायव्हर राहतात, त्यांच्या शेडवर एक वाळकी द्राक्षवेल होती. तो द्राक्षमळा, म्हणून ते मर्सो. पर्थहून आमच्या गावाला पाणी आणणारी जाडजूड पाइपलाइन माळरानातून येते, तिच्या कडेची वाट म्हणजे कालव्याचा काठ.

"काका, हा पाइप आहे," मी म्हणाले.

"आत पाणी आहे की नाही? कालव्यात आणखी काय असतं?"

शेवटी मिठाच्या कोरड्या तळ्याच्या काठावर एक गमट्री, म्हणजे आपल्या निलगिरीच्या जातीचं झाड. ते सांतने. फ्रान्समध्ये कालवा सांतनेच्या पुढे लागतो, इथे अलीकडे लागला. काका म्हणाले, एवढं जमवून घ्यायचं. प्रत्येक ठिकाणी त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी ठोकली. बॅरी आपल्या दारातली पाटी बराच वेळ न्याहाळत उभे राहिले. "मेट," ते म्हणाले, "म्हणजे मी आता इथला मेयर का?" काका म्हणाले, "ऑफ कोर्स." त्या दिवसापासून बॅरी वेलीला रोज पाणी घालू लागले.

आता डबलसीट एकट्याने चालवता येते, पण काकांना ते मंजूर नव्हतं. मागे कुणीतरी हवंच. मग दर शनिवारी गावातल्या मराठी मंडळींपैकी एकाची धरपकड व्हायची. मागच्याच्या हातात ना ब्रेक ना दिशा, फक्त पाय मारायचे. समीर पहिल्या फेरीनंतर म्हणाला, "मला काही वेगळं वाटलं नाही, मी विवाहित आहे."

मागच्याला दिसतं काय, तर पुढच्याची पाठ. काकांना हे फार लागलं. "मागच्याचं काय? त्यालाही फ्रान्स दिसलं पाहिजे." त्यांनी द्राक्षमळ्याचा भलामोठा रंगीत फोटो प्लॅस्टिकमध्ये घालून आपल्या पाठीवर बांधला. म्हणजे दोन्ही बाजूंना लाल फुफाटा, डोक्यावर ऊन, तोंडावर माश्या आणि नाकासमोर हिरवागार बर्गंडी. मर्सोला थांबलो की ते फोटो बदलायचे. मी तहानेने व्याकूळ झालेली असताना माझ्यासमोर एका फ्रेंच गावाचं कारंजं डुलत होतं.

पण खरा छळ फेरी संपल्यावर सुरू व्हायचा. काका पाणी द्यायचे, खुर्ची द्यायचे आणि समोर बसून उलटतपासणी घ्यायचे. कुठे पोटात गोळा आला? कुठे धरायला काही हवं होतं असं वाटलं? मागून सांगितलं ते मला ऐकू येत होतं का? मी पाइपलाइनआधीच्या उतारावर "आई गं" म्हणून ओरडले होते, तर त्या एका "आई गं"वर त्यांनी अर्धा तास घेतला. ओरडणं खडीच्या आवाजाने आलं की चाक सरकल्याने? मी पेशंटला इतके प्रश्न विचारत नाही.

पुढच्या रविवारी त्या बाजूने गाडीने जाताना पाहिलं तर काका भर उन्हात त्या उतारावर दाताळं घेऊन खडी ओढत होते. मोठे खडे वेचून बाजूला, बारीक खडी मधोमध. असं ते महिनोन्‌महिने करत राहिले. ज्याने ज्याने जिथे जिथे भीती बोलून दाखवली, ती ती जागा त्यांनी हाताने नीट केली. मागची सीट रुंद झाली, मागच्या हँडलला मऊ कापड आलं. मला वाटलं, इंजिनिअर माणूस, हाताला चाळा हवा. हॉस्पिटलात आम्ही त्यांना प्रेमाने 'सार्वजनिक बांधकाम खातं' म्हणायचो.

रोज संध्याकाळी ते काकूंना व्हिडिओवर रस्ता दाखवायचे. काकू सगळं बघून म्हणायच्या, "बघू." तिकडे त्यांची तिकिटं निघायची आणि रद्द व्हायची. रद्द झालं की काका फोन ठेवायचे आणि दाताळं उचलायचे.

पावणेदोन वर्षांनी, इथला उन्हाळा लागताना, काकू आल्या. पर्थच्या हॉटेलातला सक्तीचा एकांतवास संपवून, चांगल्याच वाळलेल्या, पण ताठ. त्यांना आठवडाभर झोपू दिलं आणि मग तो शनिवार आला. बॅरी इस्त्रीचा शर्ट घालून मर्सोला उभे होते. वेलीला खरोखर द्राक्षं लागली होती, आंबट का होईना. समीर पुढे सांतनेला थर्मास घेऊन गेला. मी गाडीतून मागोमाग जाणार होते, डॉक्टर म्हणून.

गॅरेजमध्ये काकू सायकलकडे बघत उभ्या होत्या. काका हवा तपासत होते, तिसऱ्यांदा. काकू हळूच मला म्हणाल्या, "लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी यांनी मला सायकलवर डबलसीट घेतलं होतं. उतारावर रस्त्याच्या कामाची खडी सांडलेली. चाक सरकलं आणि माझं मनगट मोडलं. तेव्हापासून सायकलवर बसले नाही मी. फ्रान्सचं ठरलं तेव्हा म्हटलं, आयत्या वेळी गुडघा दुखतोय म्हणून सांगेन."

आमच्या प्रत्येकाच्या पोटातला गोळा या माणसाने का मोजून ठेवला होता, ते मला तेव्हा कळलं. आम्ही सगळे पावणेदोन वर्षं काकूंच्या जागेवर बसून आलो होतो. मला त्या 'बांधकाम खातं' नावाबद्दल फार वाईट वाटलं आणि काकांबद्दल इतकं प्रेम वाटलं की मी उगाच हेल्मेटचा पट्टा आवळत बसले.

"आज गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"बघू," म्हणाल्या काकू, आणि बसल्या.

पोमार गेलं. मर्सोला बॅरींनी द्राक्षांचा घड पुढे केला आणि काका फोटो बदलायला उतरले. तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, ते काढून टाका."

"अगं, मग तुला दिसेल काय?"

"पाठ दिसेल. पावणेदोन वर्षं फोनवर नुसतं तोंडच बघितलंय."

काकांनी फोटो काढला आणि मेयरच्या हवाली केला. पुढे तो उतार आला. मी गाडी लांब थांबवली आणि बघत राहिले. डबलसीट बारीक खडीवरून सरसर खाली गेली, जराही न डगमगता, आणि पाइपलाइनच्या कडेने झाडाच्या दिशेने निघाली. मी एकटीच गाडीत टाळ्या वाजवल्या.

सांतनेला समीरने चहा ओतला. काकूंचा चेहरा लालबुंद झाला होता. काकांनी चहाला हात लावला नाही. ते काकूंच्या समोर उकिडवे बसले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, जो आम्हा सगळ्यांना विचारला होता. फक्त आवाज तो नव्हता.

"कुठे भीती वाटली?"

काकूंनी विचार केला. "पुण्यात," त्या म्हणाल्या. "दर वेळी तिकीट रद्द झालं तेव्हा. वाटलं, आता काही भेट होत नाही. रस्त्यात कुठे नाही वाटली."

काकांनी खाली बघत एक खडा उचलला, पँटला पुसला आणि तसाच धरून ठेवला. काकूंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि सरळ स्वतःच्या जिभेला लावला. मी डॉक्टर असून एक अक्षर बोलले नाही.

"खारट आहे," काकू म्हणाल्या. "चला, परत याच रस्त्याने जायचं ना?"