हजिरनिसाची पालखी आणि लाख पाहुण्यांची हकीकत

श्री जाळेश्वर समर्थ. वीज राहो, रेंज राहो, वाचणाऱ्यास सुबुद्धी राहो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विनमासी वर्तमान ऐसे जे, एक दौलत होती. तीस जमीन नाही, किल्ला नाही. सारे राज्य वेबसाइटवर वसलेले आणि उत्पन्न लोणच्याचे. धनी तिचे महाराज, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद ठेवावयास मोरेश्वरपंत हजिरनीस. पंत हुशार खरे, परंतु मानाचे भुकेले. श्रावणापर्यंत दाराशी रोज विसा-पंचविसांची वर्दळ. आणि मग एकाएकी हजार आले, आणि मग दहा हजार, आणि सर्वपित्रीस लाख भरले. महाराज बहुत संतोष पावले, शेजारच्या पापडवाल्या दौलतीस मुद्दाम खलिता धाडून डिवचले आणि भर दरबारी बोलले, "पंत, दसऱ्यास तुम्हांस पालखी." पंतांची छाती ऐसी फुगली की अंगरख्याचा बंद तुटला, आणि घरी सगुणाबाईंनी त्याच दिवशी साऱ्या आळीस मिरवणुकीचे आमंत्रण दिले.

घटस्थापनेस महाराजांनी पुसिले, "लाख पाहुणे आले, बरण्या किती गेल्या?"

"एकोणीस, सरकार. पितृपक्ष होता. लोक खरेदी टाळतात."

महाराजांनी मान डोलाविली, परंतु पंत पाहुण्यांचे वळण निरखीत बसले. खरा मनुष्य येतो तो घुटमळतो, कैरीची बरणी पाहतो, लिंबाची पाहतो, किंमत पाहून उसासा टाकतो, आणि दूध उतू गेले म्हणून अर्ध्यावर उठून जातो. हे लाख मात्र एका गावचे, एका छापाचे, डोळा लवतो तो आत आणि लगेच बाहेर. आणि जे थांबले ते लोणच्याकडे ढुंकूनही न पाहता थेट जामदारखान्याचे, म्हणजे तिजोरीचे, कुलूप हलवून पाहत होते. पंत समजले की ही माणसे नव्हेत, बॉट आहेत. कोणी दूरदेशी यंत्रास चावी देऊन सोडलेले बाजारबुणगे. सांगावे तर पालखी जाते, न सांगावे तर कुलूप तुटते. घरी येऊन म्हणाले, "अगं, लाख पाहुणे सगळे भुताटकी निघाले."

"अगबाई!" सगुणाबाई म्हणाल्या. "मग दसऱ्यापर्यंत गप्प बसा. एकदा मिरवणूक होऊन जाऊ द्या, मग सांगा खुशाल."

सल्ला गोड लागला, परंतु कुलपाची धास्ती सुटेना. मग पंतांनी कोणास न सांगता त्या गावचा रस्ता बंद केला आणि वेशीवर पहारा बसविला की, येणाराने नऊ चित्रांतून बैलगाड्या ओळखाव्या, तरच मनुष्य म्हणून आत घ्यावे. बाजारबुणगे भराभर पांगले. आणि दैवयोग ऐसा की त्याच दुपारी महाराज वेष पालटून, 'नाना मुकादम' ऐसे नाव घेऊन, आपली गर्दी डोळां पाहावयास वेशीशी आले. त्यांनी गाड्या दाखविल्या, परंतु एका चौकटीत चाकाची नुसती कड, ती गाडी धरावी की न धरावी? धरली तो चुकले, सोडली तो चुकले, आणि मग अक्षरे उमटली : आपण यंत्र आहां, परत जावे.

महाराज तडक सदरेवर आले. "पंत! आम्ही यंत्र? आम्हांला संधिवात आहे. यंत्राला असतो काय?"

पंतांच्या सारे ओठांवर आले. "सरकार, लाख नव्हेत. खरी माणसं तेवीस. आपल्याला धरलं तर चोवीस."

महाराजांनी मिशीस पीळ भरला. मग म्हणाले, "शेजाऱ्याला खलिता गेलाय, आणि आमचा शब्द फिरत नाही. पालखी तुम्हांला दिली. भोई मात्र तुमच्या लाखांतले आणा."

दसऱ्यास पालखी झालर-गोंड्यांसह पंतांच्या दारी आली, आणि उचलणारा कोणी नाही. सगुणाबाईंनी आळीस सांगितले की, ह्यांना चालायचीच हौस. आणि शेजारच्या दौलतीचा उलट खलिता आला की, पालखी रिकामी असल्यास पापड वाळविण्यास द्यावी.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. लाख आले आणि भेट कोणाची झाली नाही. तेवीस आले, त्यांतल्या दोघी मीठ कमी म्हणून कडाकडा भांडल्या आणि आणखी चार बरण्या घेऊन गेल्या. पंत त्यांस वेशीपर्यंत पोहोचवून आले, पायी.