सूर्य ऐकायची दुपार

दोन माडांमध्ये ताणलेली तार, तिच्या टोकाला रेडिओ आणि त्यापुढे तीन महिने नेटाने बसणारी रसिका. मालवणच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची आणि सुट्टीला धामापूरच्या घरापुढच्या खळ्यात सूर्य ऐकायची. आजवर नुसती खरखर पदरी पडली होती. पण सूर्याचे आवाज ज्यांच्याजवळून उठतात, ते मोठे डाग आज समोर होते. दोन दिवसांत ते पलीकडे वळणार होते.

बाराच्या सुमारास रेडिओ घोंघावला.

"इलो! सूर्य इलो!" रसिका ओरडली.

शेजारचे भिकाजी काका धावत आले, मागोमाग सगळी वाडी.

"सूर्य बोलता कसो गो?"

"काका, थंय सुटे इलेक्ट्रॉन आसत. एरवी जो तो आपापलो कुजबुजता. पण मधनाच एक वेगवान झोत घुसलो, की सगळे एका तालात हलतत. मगे आवाज कितीतरी पटीन वाढता आणि रेडिओच्या लहरी होवन हयसर येता."

"म्हणजे दर्यातला रापणीचा जाळा ओढतत तसा! सगळ्यांनी एका दमात."

"अगदी तसाच!"

तेवढ्यात आवाज थांबला आणि यशोदावहिनी पलीकडच्या घराच्या खिडकीतून डोकावल्या. "खोबऱ्याचा वाटप झाला माझा. गर्दी कसली ही?"

सूर्य नव्हता, मिक्सर होता.

रसिकाचा पडलेला चेहरा भिकाजी काकांना बघवेना. त्यांनी वाडीभर फिरून घरोघरची मेन स्विच पाडायला लावली. रेडिओ सेलवर चालत होता. पण आवाज टिपून ठेवणारा रसिकाचा जुना, बॅटरी संपलेला लॅपटॉप विजेबरोबर बंद पडला.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली, "कानांनी ऐकूया."

पंखे बंद, मग घरात कोण थांबणार? माणसं माडांखाली चटया टाकून बसली. तळ्यावरून गार वारा येत होता, झावळ्यांच्या सावल्या अंगावरून सरकत होत्या. खरखर ऐकता ऐकता एकेक मान कलली. शेवटी रसिकाचीही.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. रेडिओ मुका होता.

"काका, रेडिओ कोणी बंद केलो?"

"मियाच. सगळी निजलली, आणि तो मेलो एकदम ओरडाक लागलो. झोप मोडात म्हणान बंद केलंय."

रसिका ताडकन उठून बसली. अख्ख्या वाडीत वीज नव्हती.

"कसो ओरडलो?"

काकांनी डोळे मिटले, गाल फुगवले आणि हळूच श्वास सोडला. लाट वाळूवर चढावी, क्षणभर थांबावी आणि रेंगाळत मागे जावी, तसा आवाज निघाला.

"किती वाजलेले?"

"तीन वाजान धा मिनटा."

तिने वहीत वेळ लिहिली, वही मिटली आणि चटईवर आडवी झाली.

"काका, परत करा."

तिसऱ्यांदा काका श्वास सोडत असताना यशोदावहिनींनी हाक दिली, "गो, लाइट चालू करू काय?"

रसिकाने डोळे न उघडताच हात वर केला.

"वहिनी, जरा गप ऱ्हवा. आता बरो ऐकाक येता."