वाऱ्याकडे तोंड

आमच्या अमडापुरात लतीफभाई चहाला बसले, की आधी चिमूटभर माती हवेत सोडतात. माती उडेल तिकडे तोंड करून बसायचं. लग्नाच्या पंगतीत सगळे एका बाजूला, हे उलटे. "वारा पाठीवर घ्या मास्तर," हे मी इतक्यांदा ऐकलंय, की फळ्यावर लिहितानाही आधी खिडकी बघतो. वैताग नुसता!

भाईंचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. बोंडअळी न लागणारी बीटी कपाशी आली तेव्हा फवारणी घटली आणि धंदा बसला. पुढे बोंडअळी परत आली आणि पंपांची रांग लागली. त्याच हंगामात घरच्या वावरात फवारताना त्यांच्या पोराच्या, सलीमच्या, अंगावर विषारी औषधाचा फवारा आला. नऊ दिवस दवाखान्यात होता. वाचला, पण पुण्याला गेला तो गेलाच. तीन वर्षं बापलेकांत एक फोन नाही.

सूर्याचा अभ्यास करायला आपलं यान निघालं, त्या दिवशी मी दुकानात बसून सौरवाऱ्याबद्दल सांगत होतो. भाईंनी पाना खाली ठेवला.

"सूर्यालेबी वारा असते?"

"असतो ना. त्यातले कण मोजायलाच यान गेलंय."

"तोंड कोनीकडे हाय त्याचं?"

"सूर्याकडे."

"म्हनजे वाऱ्याकडे! काऊन बे, कोनी सांगतलं नाही त्याईले?"

झालं! चार महिने रोज शाळेच्या फाटकाशी हजर. "मास्तर, बरं हाय नं ते? अंगावर काही आलं तं नाही?" पोरं हसायची. एकदा मी भडकलोच. "अहो भाई, यंत्र आहे ते! तुमचं पोर आहे का?"

 भाई म्हणाले, "त्या दिवशी वारा फिरला होता, मास्तर. सलीम म्हने, थांबतो. मीच म्हनलं, कपाशीचे दोन तासं राह्यले, दोनच ओळी, उरकून टाक. आता कोन्या तोंडानं फोन करू त्याले?"

 माती उडवायचं वेड तेव्हापासूनचं, हे इतक्या वर्षांत मला कळलं नव्हतं. शिकवतो विज्ञान!

जानेवारीत यान ठरल्या जागी पोचलं. मी धावत दुकानात गेलो. "पोचलं भाई! धडधाकट आहे, कामालाही लागलंय."

"वाऱ्याकडे तोंड करून?"

"वाऱ्याकडे तोंड करून."

 मी भाईंना न विचारताच सलीमला फोन लावला आणि भाई स्वतःलाच दोष देतायत, हे सगळं सांगून टाकलं.  पलीकडून पोरगा म्हणाला, "मले वाटलं, मी वावर सोडून आलो म्हून अब्बाच नाराज हायेत. म्हून फोन नाही केला."

एवढंच होतं? तीन वर्षं? मला दोघांनाही झोडपावंसं वाटलं आणि हायसंही वाटलं. मी फोन भाईंच्या कानाला लावला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मग विचारलं,

"जेवला काय बे?"